किलोसाहेबांची बारा वजनं

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा किलोसाहेबांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या बॅगेचं वजन केलं. ओट्यावर आढ्याला टांगलेला दोन पारड्यांचा मोठा तराजू होता. एका पारड्यात बॅग ठेवली, दुसऱ्यात एकेक वजन चढवत गेले आणि काटा स्थिर होईपर्यंत मला उन्हात उभं ठेवलं. "साडेअकरा," ते म्हणाले. "आता यातलं कुणी काही काढलं तर तुला कळंल." मी म्हटलं, काका, बसमधून तर उतरले, आता काढणार कोण, तुम्हीच ना? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि घरात हाक मारली, "आगं, पोरगी हुशार हाय. खोली द्यायला हरकत न्हाई."

मी तेव्हा नेकनूरला ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिकांचं मानधन कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं, म्हणून दुपारनंतर खोलीत बसून परदेशातल्या एका माणसासाठी वेबसाइटी बनवून द्यायचे. खोली विहाराच्या मागच्या गल्लीत होती. खाली साहेब आणि काकू, वर मी. एकुलती एक मुलगी बीडला एका दवाखान्यात नर्स होती.

साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दुकानादुकानांतून वजनं उलटी करून बघण्यात गेली. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात शिसं ओतून वजन बरोबर करतात आणि त्या शिशावर सरकारी शिक्का मारतात. लबाड दुकानदार काय करतो, तर खिळ्यानं ते शिसं टोकरतो. वरून बघितलं तर वजन जसंच्या तसं, हातात घेतलं की हलकं. साहेबांना असं वजन नुसतं हातात धरून कळायचं. त्यांची दुकानदारांना धास्ती होती, आणि गावानं त्यांना किलोसाहेब करून टाकलं होतं. निवृत्त झाल्यावरही नाव सुटलं नाही, सवयही नाही. घरात येणारी प्रत्येक गोष्ट आधी ओट्यावरच्या तराजूत जायची. पीठ, साखर, केळी. एकदा पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांचा खोका त्यांच्यासमोर तोलला. पाहुणे अजून येत नाहीत, असं काकू सांगायच्या.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांचा राग होता. म्हणायचे, "त्याच्या पोटात काय चाललंय ते दिसतंय का? नुसते लाल आकडे. तराजूचं कसं, दांडी दिसती, पारडं दिसतंय, माझं वजन दिसतंय, तुझा माल दिसतोय. चार माणसं उभी राहून बघू शकतेत."

आणि अशा माणसाच्या मोबाइलमध्ये बिटकॉइन होते! मला कळलं तेव्हा मी जिन्यातच हसत बसले. निवृत्तीच्या वेळी पुण्याच्या पुतण्यानं तो नाद लावला होता. पुढे पुतण्याचा सुटला, यांचा राहिला. मिळालेल्या पैशांतला थोडा भाग त्यांनी तेव्हा त्यात घातला आणि पुन्हा हात लावला नाही. काकूंना ते पैसे कुठं आहेत हे दाखवता येत नव्हतं, त्यामुळं त्या घरात बिटकॉइनला 'हवेतलं' म्हणत. "हवेतल्याचं काय झालं आज? वर गेलं का खाली आलं?" असं भाकऱ्या थापता थापता विचारायच्या.

मी म्हटलं, "काका, इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटातलं दिसत नाही म्हणून तुम्ही चिडता. मग बिटकॉइनच्या पोटातलं दिसतं का?"

"सगळ्यांना दिसतंय. कुणी कुणाला किती दिलं, पहिल्या दिसापासनं लिहिलंय, आन ती वही हजारो मशिनींत एकच हाय. एकानं खाडाखोड केली तर बाकीचे मानत न्हाईत. तुला वाचता येत नसंल तर शिक."

माझा मामला वेगळा होता. परदेशातला तो माणूस मला डॉलरला बांधलेल्या नाण्यात पैसे द्यायचा, ज्याला स्टेबलकॉइन म्हणतात. एक नाणं म्हणजे एक डॉलर, आजही आणि पुढच्या महिन्यातही. ते काढणारी कंपनी सांगते की जेवढी नाणी बाजारात आहेत तेवढे डॉलर आमच्या तिजोरीत आहेत. मला ते फार सोयीचं वाटायचं. महिनाभराचं काम करून हातात काय पडणार ते आधी कळलेलं बरं.

संध्याकाळच्या चहाला ओट्यावर आमचं यावरून रोज वाजायचं.

"तुझं वासरू खुंटीला बांधलेलं हाय," साहेब म्हणायचे. "डॉलर ही खुंटी. दावं असंल तेवढंच फिरणार, हरवणार न्हाई. कबूल. पण खुंटी कुणाच्या अंगणात हाय?"

"कंपनीच्या."

"तिजोरीत तेवढे डॉलर हायत, हे तू बघितलंस?"

"तपासणारे असतात, काका."

"मी बी तपासणाराच होतो. म्हणून तर इचारतो, तू बघितलंस का?"

मग मी हत्यार काढायचे. "आणि तुमचं वजन? सकाळी किलो भरतं, संध्याकाळी आठशे ग्रॅम. असं वजन घेऊन कुणी बाजारात बसला असता तर तुम्ही त्याला दंड केला असता."

पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा त्यांनी तोंडाशी नेलेली बशी खाली घेतली. मग एवढे हसले की बशीतला चहा लेंग्यावर सांडला. "हे बरोबर हाय. लई बरोबर हाय," म्हणाले, आणि काकूंना बोलावून माझ्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. आपल्यावरचा वार एवढ्या आनंदानं झेलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी अर्थात पुन्हा तेच, "पण खुंटी कुणाच्या अंगणात?"

ही त्यांची अंगणाची गोष्ट कुठून आली ते मला उशिरा कळलं. त्यांच्या आजोबांना सुगीला गावकीच्या कामाचं धान्य मिळायचं. माप मालकाच्या ओसरीवर, आजोबा पायरीखाली. मापाला हात लावायचा नाही, जवळ जाऊन बघायचं नाही. शेर भरताना मालकाचा अंगठा मापाच्या आत असायचा. "अंगठ्याएवढी ज्वारी," साहेब आपला अंगठा दाखवून सांगायचे. "चाळीस वर्सं. आजा म्हणायचा, मला दिसतंय, पण मला दिसतंय हे म्हणता येत न्हाई." नोकरी लागल्यावर साहेब पहिल्याच महिन्यात त्या घरी गेले. आता त्यांचं किराणा दुकान होतं. साहेब ओसरीवर चढले आणि एकेक वजन उलटं करून तपासलं.

"मग?" मी विचारलं.

"सगळी खरी निघाली. मला लई वाईट वाटलं." आणि पुन्हा हसले.

निवृत्तीनंतर त्यांचं मुख्य काम म्हणजे आठवडी बाजारात फुकट शेळ्या तोलून देणं. नेकनूरचा जनावरांचा बाजार मोठा. तिथं शेळीचा भाव नजरेनं ठरतो. दलाल शेळीच्या पाठीवरून हात फिरवतो, सांगतो इतकं मटण पडेल, आणि पुढचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, म्हणजे बाजूच्याला कळू नये. साहेबांना हे दोन्ही मान्य नव्हतं. ते लिंबाखाली तीन बांबू उभे करून टांगता काटा लावायचे. पोत्याला चार भोकं पाडून केलेली झोळी असायची. त्यात शेळी घातली की तिचे चार पाय खालून लोंबकळायचे आणि ती असं काही ओरडायची की अर्धा बाजार बघायला यायचा. साहेब मोठ्यानं आकडा सांगायचे. शेळ्या विकायला आलेल्या बायांचा त्यांनी फार फायदा करून दिला. दलाल त्यांच्यावर दात खाऊन असत. त्यात एक म्हातारा दलाल विशेष. त्याचं पूर्वी धान्याचं दुकान होतं आणि टोकरलेल्या वजनांसाठी साहेबांनीच त्याच्यावर खटला भरला होता. तो दर बाजाराला जाताना म्हणायचा, "साहेब, आता बाजारातली माणसं बी टांगा." साहेब म्हणायचे, "तू ये बे, तुझ्यापासनं सुरू करतो."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी नाणी गोठली. सकाळी ॲप उघडलं तर तीन महिन्यांची कमाई दिसत होती पण हलत नव्हती. कंपनीचा निरोप असा की तुमच्याकडे आलेली काही नाणी आधी कुठून आली याची चौकशी चालू आहे. म्हणजे ज्यानं मला दिली, त्याला ज्यानं दिली, त्याच्याविषयी काहीतरी. माझा काय संबंध! मी रडत खाली आले. मला वाटलं होतं, साहेब म्हणतील, बघ, सांगत होतो. ते एक शब्द त्यातला बोलले नाहीत. म्हणाले, "अर्ज कर."

"कुणाला?"

"साहेब कोण हाय तिथला, त्याला."

आणि स्वतः मजकूर सांगितला. विषय, गोठवलेली रक्कम मोकळी करणेबाबत. संदर्भ. महोदय. सोबत माझ्या कामाचे पुरावे, पावत्या, ओळखपत्र. मी इंग्रजी करून पाठवलं. आठवड्यानं स्मरणपत्र एक, मग स्मरणपत्र दोन. पाचव्या आठवड्यात नाणी सुटली. एका डॉलरचाही फरक नाही. साहेब गल्लीत सांगत सुटले की आपल्या अर्जावर अमेरिकेत कार्यवाही झाली.

त्या दिवशी चहाला ते म्हणाले, "तुझं एक बरं हाय पोरी. तुला ठोठवायला दार हाय. पण आज उघडलं, उद्या न्हाई उघडलं तर?"

"आणि तुमच्याकडं दारच नाही," मी म्हटलं. "मोबाइल हरवला, ते बारा शब्द गेले, की जगात कुणाकडं अर्ज करणार?" बिटकॉइन स्वतःजवळ ठेवायचे तर बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते ओळीनं माहीत असले की कुठल्याही मोबाइलवर पैसे परत उघडतात. नसले तर देवही काही करू शकत नाही.

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. काकू आत होत्या. "माझी बारा दारं हायत," ते हळूच म्हणाले.

इतकं खुळं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांनी भंगारातून एक-एक किलोची बारा लोखंडी वजनं आणली होती. बुडातलं जुनं शिसं काढून नवं ओतलं, काटेकोर किलो केला, आणि प्रत्येक शिशावर ठोकणीनं एक आकडा आणि एक इंग्रजी शब्द उमटवला. मग ती बारा वजनं नेकनूरच्या बाजारात बारा माणसांना वाटून टाकली. "हे खरं किलो हाय. वापर, पण इकायचं न्हाई. माझी अमानत हाय," एवढंच सांगितलं. लोकांना वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं, पण वजन चांगलंय. शब्द कशाचे ते कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी स्वतः ते मुद्दाम विसरून टाकले होते.

"आणि बारा जण एक झाले तर?"

"होणार न्हाईत. मी निवडलेतच तसे. यातल्या निम्म्यांचं एकमेकांशी बोलणं न्हाई. खाटिकाचं आन त्याच्या भावाचं न्हाई. दोन किराणावाल्यांची बांधाची तकरार हाय. त्या दलालाला बी एक दिलंय."

"त्या दलालाला? ज्याच्यावर खटला भरलात?"

"मुद्दाम. त्याचं कुणाशीच जमत न्हाई." मग डोळे मिचकावून म्हणाले, "त्याच्या वजनाखाली गाढव लिहिलंय. इंग्रजीत. तेवढा एक ध्यानात राहिला."

मी कपाळाला हात लावला. "काका, सगळी नोकरी तुम्ही शिसं टोकरणारे पकडले, आणि स्वतःची पुंजी नेमकी शिशावर लिहिलीत?"

"कावून न लिहू? टोकरलं तर कळंल, कुणी टोकरलं ते." मी कप घेऊन वर गेले.

पावसाळ्याआधी मुलीच्या घराचं निघालं. ती बीडला भाड्यानं राहायची, एकटी, लहान पोरीला घेऊन. नवऱ्याशी फारकत झालेली. घरमालक दर सहा महिन्यांनी काहीतरी कारण काढून खोली सोडायला लावायचा. दवाखान्याजवळ दोन खोल्यांचं एक जुनं घर विकायला निघालं. काकूंनी आपल्या गळ्यातलं मोडून इसार दिला. बाकीची रक्कम 'हवेतल्या'तून द्यायची असं ठरलं. खरेदीखताची तारीख पंधरा दिवसांवर होती. तारीख चुकली तर इसार बुडणार आणि घर दुसऱ्याला जाणार, दुसरा तयारच होता. काकू मला म्हणाल्या, "एवढं एक पोरीच्या नावावर होऊ दे. मग ते मशिनीत बघत बसले तरी मी बोलणार न्हाई."

आणि त्याच आठवड्यात, बाजारात एका बोकडानं झोळीत घातल्या घातल्या अशी उसळी मारली की वाकलेल्या साहेबांच्या खिशातला मोबाइल शेजारच्या हौदात गेला. बाहेर काढला तेव्हा त्यातून पाणी गळत होतं. दुरुस्तीवाल्यानं बघून हात वर केले.

काकू ओट्यावर बसून रडल्या. साहेब मात्र, खोटं सांगत नाही, खुशीत होते. "आता बघा गंमत," म्हणाले. "चल पोरी, गाडी काढ."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीवर मागे साहेब, मांडीवर पिशवी, आणि हातात माझी वही. खाटिकाकडचं वजन त्यानं पाण्यानं धुऊन हातात दिलं. साहेबांनी उलटं केलं, मी शब्द लिहून घेतला, वजन परत. किराणावाल्यांची दोन. विहारातलं एक पुस्तकांच्या कपाटाचं दार लागावं म्हणून टेकवलेलं. एका बाईच्या लोणच्याच्या बरणीवर एक सापडलं, शिशाला तेल लागलेलं. चौसाळ्याला लेकीकडे गेलेल्या एका कासाराच्या मागे आम्ही चौसाळ्यापर्यंत गेलो. प्रत्येक जण विचारायचा, "साहेब, परत न्यायला आलात का?" आणि साहेब म्हणायचे, "न्हाई, खुशाली इचारायला."

दलाल अकरावा. आम्ही अंगणात उभे राहिलो तर त्यानं काहीच विचारलं नाही. आत गेला, देवघरातून एक फडकं आणलं आणि सोडलं. वजन कोरं करकरीत होतं, त्यावर कुंकू लावलेलं.

"वापरलं न्हाईस?" साहेबांनी विचारलं.

"भ्या वाटलं," तो म्हणाला. "साहेब, तुमी मला कोर्टात उभं केलंत. त्याच्यानंतर कुणी मला खरं वजन दिलं न्हवतं. म्हटलं, याला नख बी लागू नये."

साहेबांनी गाढव उलटं करून पाहिलं, मला दाखवलं, पुन्हा फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं. परतताना ते मागे बसून चक्क नाक ओढत होते. मी आरशात पाहिलं नाही.

बारावं वजन भाजीवाल्या अक्काकडं होतं. ही बाई साहेबांची लाडकी. बाजारात प्रामाणिकपणाचा विषय निघाला की साहेब तिचंच उदाहरण देत. विधवा, चौसाळ्याकडून टोपली घेऊन यायची, सगळ्यांत आधी बसायची, सगळ्यांत शेवटी उठायची. आम्ही पोचलो तेव्हा गिऱ्हाइकं होती. मी स्कूटीजवळ थांबले, साहेब पुढं गेले.

साहेबांनी पारड्यातलं वजन उचलल्याबरोबर मला कळलं. त्यांचा हात किंचित वर गेला, जसा एखादी भरलेली समजून रिकामी कळशी उचलल्यावर जातो. त्यांनी वजन उलटं केलं. अंगठा बुडाच्या खळग्यात गेला आणि तिथं शिसं नव्हतं. अक्का बघत होती. तिच्या हातात वांगी होती, ती हातातच राहिली.

साहेबांनी वजन सरळ केलं आणि पारड्यात ठेवलं. "किलोभर वांगी दे," म्हणाले. तिनं तोलली. साहेबांनी पुऱ्या किलोचे पैसे दिले आणि परत आले. "चल."

"काका, बारावा शब्द?"

"ते वजन कुठं सापडत न्हाई म्हनती."

"मला दिसलं, काका."

"काय दिसलं? हातात घेतलं होतंस का? न्हाई ना? मंग बोलू नको." असं तोडून ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

घरी आलो. ओट्यावर तराजू टांगलेला होता. मी त्या घरात राहायला लागल्यापासून त्याला ओलांडून काही आत गेलं नव्हतं. साहेब पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले. काकू बघतच राहिल्या.

"आज वजन न्हाई?"

"भूक लागलीय. वांगी टाक," साहेब म्हणाले.

मी वर जाऊन दार लावलं आणि रडले. घराची तारीख चार दिवसांवर, आणि हा माणूस एका बाईची अब्रू राखत वांगी खात बसला होता. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटत होतं, दोन्ही खरं आहे.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. हे बारा शब्द वाटेल ते नसतात. त्यांची दोन हजारांच्या वर शब्दांची एक ठरलेली यादी आहे. अकरा शब्द हातात होते, गेलेला शब्द कितव्या जागेचा तेही माहीत होतं. म्हणजे त्या एका जागी यादीतला एकेक शब्द घालून बघायचा. माणसाला महिने लागतील, लॅपटॉपला नाही. मी छोटा प्रोग्राम लिहिला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला साहेबांचे पैसे उघडले. गेलेला शब्द होता, कांदा.

मी जिन्यावरून ओरडत खाली गेले. साहेबांनी सगळं नीट विचारून घेतलं. एक गेला तर सापडतो. दोन गेले असते तर? अवघड, पण होऊ शकतं. चार गेले असते तर? मग नाही.

"म्हणजे बारातला एखादा खोटा निघाला तरी भागतंय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मुलीचं घर वाचलं याचा आनंद जास्त की याचा, ते मला सांगता येणार नाही. काकूंना मात्र काही शंका नव्हती. त्यांनी माझी दृष्ट काढली, लॅपटॉपची पण काढली.

खरी मजा पुढं झाली. बिटकॉइन विकून बँकेत रुपये यायला आणि कागद व्हायला तीन दिवस होते. त्या आठवड्यात भाव सकाळी वर, दुपारी खाली असा झोके घेत होता. काकू म्हणाल्या, तीन दिवसांत हवेतलं हवेत गेलं तर? साहेब ओट्यावर फेऱ्या मारू लागले. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "तुझ्या खुंटीला जागा हाय का? तीन दिवस फक्त. वस्तीला."

"खुंटी कुणाच्या अंगणात आहे, काका?"

"बांध म्हणलं तर बांध, बाई," ते म्हणाले. मी त्यांचे बिटकॉइन डॉलरच्या नाण्यात बदलून दिले. तीन दिवस ते दर तासाला विचारत, "हाय का तेवढंच?" आणि मी सांगत राहिले, "आहे तेवढंच." ठरल्या तारखेला घर मुलीच्या नावावर झालं. नफ्यावरचा सरकारचा तीस टक्के कर पुढं साहेबांनी स्वतः जाऊन भरला आणि पावती ओट्यावर चिकटवली.

थोड्या दिवसांनी त्यांनी भंगारातून आणखी एक वजन आणलं, शिसं ओतलं, घासून बरोबर किलो केलं. त्यावर काही लिहिलं नाही. बाजारात जाताना पिशवीत घालून गेले, आणि येताना ते पिशवीत नव्हतं.

मग मला संभाजीनगरला नोकरी लागली. साहेबांशी फोनवर वाद चालूच होता. गेल्या वर्षी हिवाळ्यात ते गेले. शेळ्या तोलायचं सामान लिंबाखाली ठेवून घरी आले, पडतो जरा म्हणाले, आणि उठले नाहीत. मला पोचायला दुसरा दिवस उजाडला. ओट्यावर लोक बसले होते, त्यांत दलाल सगळ्यांत मागं गुडघ्यात मान घालून होता. बीडहून मुलगी आली होती, तिच्या पोरीनं तराजूच्या पारड्यात बाहुली ठेवली होती.

निघायच्या दिवशी बाजार होता. मी मुद्दाम अक्काकडं गेले. ती थकली होती, पण बसली होती सगळ्यांत आधीच. मला ओळखलं. गिऱ्हाईक नव्हतं, तरी तिनं इकडे तिकडे बघून विचारलं, "बाई, साहेबांनी कुणाला सांगितलं होतं का?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "मलासुद्धा नाही."

तिनं मान हलवली. "मोठ्या बाजारात माल घेती, तिथं मला क्रेटमागं दीड-दोन किलो कमी येतंय. तिथं कुणाला बोलू? लेकीची फी भरायची होती, तवा खिळा घेतला. साहेबांनी उलटं करून बघितलं, आन पुऱ्या किलोचे पैसे दिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." पदरानं डोळे पुसले. "मंग एक दिस हे आणून ठेवलं. म्हणले, अक्का, ते जुनं झालं, हे घे. माझ्या तोंडाकडं बघितलं बी न्हाई."

मी किलोभर वांगी मागितली. तिनं वजन पारड्यात ठेवलं, उलटं. बूड वर, शिसं वर, काठोकाठ भरलेलं. शेजारच्या भाजीवाल्यांची वजनं सरळ होती.

"उलटं का ठेवता?" मी विचारलं.

"तवापासनं असंच ठेवती," अक्का म्हणाली. "कुणाला बघायचं असंल तर उचलाय नको."

तिनं दांडी उचलली. काटा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.